तुझ्या माघारी आलेलं पहिलं प्रगतिपुस्तक

रूपा,

शरूचं प्रगतिपुस्तक आलं. तुला सांगितल्याशिवाय ते कपाटात ठेवायला हात होईना, म्हणून सांगतोय.

दिवाळीची सुट्टी संपली आणि पहिल्याच शनिवारी शाळेनं पालकांना बोलावलं. आजवर हे सगळं तुझ्याकडं होतं. मी राजारामपुरीत चष्म्याचं दुकान सांभाळायचं आणि तू रक्त तपासायच्या लॅबमधून तास-दोन तासांची सवड काढून शाळेत जायचं, ही वाटणी आपण कधी ठरवली नव्हती, पण मोडलीही नव्हती. या वेळी मी दुकानाला कुलूप लावलं. सातवीचा वर्ग कुठल्या मजल्यावर आहे, हे शिपायाला विचारावं लागलं. वर्गात बहुतेक सगळ्या आयाच. मी दारात दिसलो तसं त्यांचं बोलणं थांबलं, आणि रांगेतल्या पुढच्या दोघी-तिघी बाजूला झाल्या. यांना कशाला ताटकळत ठेवायचं, असं वाटलं असेल त्यांना. मला मात्र रांगेत उभं राहायचं होतं गं. तेवढ्या वेळात मॅडमना काय विचारायचं ते तरी मनाशी जुळवलं असतं.

विचारायची वेळ आलीच नाही. माने मॅडम, तिच्या वर्गशिक्षिका, आजाऱ्याजवळ बोलावं तशा हळू आवाजात बोलल्या. शर्वरी फार समजूतदार आहे, तिनं स्वतःला छान सावरलंय, तुम्ही काळजी करू नका. मी मान हलवत राहिलो. प्रगतिपुस्तक उघडून बघितलं तर सगळं ठीकठाक होतं. गणितातसुद्धा पन्नासपैकी अठ्ठावीस. तुझं तेरावं झालं आणि त्याच आठवड्यात तिची परीक्षा सुरू झाली होती. या वेळी बसू नको म्हणून सगळ्यांनी सांगितलं, तरी ही पोरगी स्वतःच्या हातानं वेणी घालून गेली होती. अशा परीक्षेत अठ्ठावीस! मला वाटलं, निभावलं आपण. येताना तिच्या आवडीच्या दाबेल्या बांधून घेतल्या.

शरूनं पुडा बाजूला सरकवला, प्रगतिपुस्तक उघडलं, एकच पान बघितलं आणि मिटून टाकलं.

"पप्पा, हे माझे मार्क नाहीत."

 रूपा, तू असतीस तर इथवर गोष्ट आलीच नसती. तू प्रगतिपुस्तक आणलंस तरी ते आधी पर्समध्येच ठेवायचीस. चहा टाकायचीस. शरूला ओट्यावर बसवायचीस आणि विचारायचीस, "सांग, तुझ्या मतानं कुठं जमलं, कुठं नाही जमलं?" मग ती पाय हलवत सांगत बसायची. इतिहासात सनावळ्या चुकल्या, इंग्रजीच्या निबंधाला वेळ पुरला नाही, विज्ञानाची आकृती मात्र एक नंबर झाली. तिचं सगळं बोलून झालं की मगच पुस्तक बाहेर यायचं, आणि त्यात बहुतेक तिनं सांगितलेलंच असायचं. मी दुकानातनं आलो की शेवटची बेरीज बघायचो आणि 'छान' म्हणायचो. तू हसायचीस. "दुनियेला चष्मे लावता, आणि स्वतः तेवढी खालची ओळ वाचून मोकळे होता."

चौथीतलं आठवतं? मॅडमच्या बेरजेत चूक झाली होती आणि शरूला सहा मार्क जास्त पडले होते. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तुझ्या आलं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तू ते कमी करून आलीस आणि पोरीचा तिसरा नंबर पाचवा झाला. मी इतका चिडलो होतो की जेवताना आमटी मागायचीसुद्धा बंद केली. मी म्हणालो, कुणाचं काय बिघडत होतं? तू म्हणालीस, एखाद्याचं हिमोग्लोबिन आठ असताना मी बारा लिहून दिलं तर घरी जाईपर्यंत त्याला बरं वाटेल, पण बरं होईल का? मी म्हणालो, शाळेचा पेपर म्हणजे रक्त नव्हे. त्यावर तू जे काही बोललीस त्यावर मी जे काही बोललो, ते पुढं तीन वर्षं चाललं. पावणेरावळे आले की आपण दोघं त्यांच्यापुढं आपापली बाजू मांडायचो. तुझ्या वारणानगरच्या भावानं तर एकदा हात जोडले होते. निकाल काही लागला नाही.

आणि मग तुझा रिपोर्ट आला.

सारखा थकवा येतोय म्हणून तू आपणहून स्वतःचं रक्त मशीनला लावलंस. पांढऱ्या पेशींचा आकडा बघून मशीन बिघडलं म्हणालीस आणि परत लावलंस. मग दुपारी दुकानात आलीस. गडमुडशिंगीचे एक म्हातारबा फ्रेम निवडत बसले होते. तू स्टुलावर बसून राहिलीस. त्यांचं ठरेना, तेव्हा तूच म्हणालीस, "पावणं, काळी घ्या. सोनेरीत तुमचं नाक मोठं दिसतंय." म्हातारबा खूश होऊन काळी घेऊन गेले. ते पायरी उतरले आणि मग तू मला सांगितलंस. अजूनही कुणी सोनेरी फ्रेम हातात घेतली की मला तो तुझा आवाज ऐकू येतो. तो तसाच होता, रोजच्यासारखा. पुढं काय सांगणार आहेस याचा त्यात मागमूस नव्हता.

शरूला सांगायचं की नाही, यावर आपण आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण भांडलो. मी म्हणत होतो, एवढ्यात नको. उपचार सुरू होऊ देत, डॉक्टर काय म्हणतात बघू. एका रविवारी सकाळी मी भाजी घेऊन आलो तर तू तिच्या केसांना तेल लावत बसली होतीस. एक वेणी घालून झाली होती, एक सुटी होती. शरूनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "पप्पा, तुम्हाला माहिती होतं?"

दवाखान्यात जाताना गाडीवर आपण भांडत गेलो. मी म्हणालो, निदान चार महिने तरी पोरगी हसतखेळत राहिली असती. तुझा राग चढला की 'अहो'चं 'अरे' व्हायचं. तू म्हणालीस, "अरे, ते चार महिने मला तिच्याशी खोटं बोलावं लागलं असतं. तुला जमतं म्हणून मला जमेल का?" सिग्नलला शेजारचा रिक्षावाला आपल्याकडं बघत होता. तो वाद तिथंच राहिला. पुढं तुझ्यात वाद घालायचं बळ उरलं नाही, आणि माझ्यात इच्छा.

तर त्या शनिवारी प्रगतिपुस्तक मिटून शरू समोर बसली होती. मी म्हणालो, अगं, मॅडमनी पेपर बघूनच दिले असतील की.

"शेवटची दोन पानं कोरी होती, पप्पा. मी ते प्रश्न वाचले पण नाहीत."

"मग कशाचे देतील?"

ती प्रगतिपुस्तकाच्या कव्हरकडं बघत होती. "आई गेली त्याचे दिलेत."

मी तेच म्हणालो जे तू गेल्यापासून हे सगळं गाव म्हणतंय. असू दे. मॅडमनी मायेनं दिलेत, असू दे. त्यावर ती जी भडकली! सगळे असू देच म्हणतात, म्हणाली. गृहपाठ केला नाही, असू दे. शाळेत उशिरा गेले, असू दे. वर्गातल्या मैत्रिणीशी, सावनीशी, भांडताना तिचा कंपासबॉक्स फेकून दिला. चूक सगळी हिची, आणि सॉरी म्हणायला सावनी आली, कारण तिच्या आईनं तसं सांगितलं होतं. दिवाळीत घराघरांतून फराळाचे डबे आले. तिनं एका काकूंना तोंडावर सांगितलं की तुमची चकली मऊ पडलीय, तर त्या काकूंनी हिच्या पाठीवरून हात फिरवला. "मी कशी पण वागले तरी सगळ्यांना चालतंय. कुणी मला रागवत पण नाही. मी काय आजारी हाय का?"

खरं सांगतो, मला ते काहीच दिसलं नव्हतं. मला वाटत होतं, लोक किती चांगले आहेत. आणि ते आहेतच. पण आपली पोरगी त्या चांगुलपणात एकटी पडत चालली होती. वर्गात तिच्याभोवती तेवढी जागा मोकळी सोडलेली, जशी त्या रांगेत माझ्यापुढं सोडली होती.

मग तुझाच प्रश्न मी विचारला. मला तो तुझ्यासारखा विचारता आला नाही, अडखळलो. म्हणालो, बरं, तूच सांग. कुठं जमलं, कुठं नाही?

 ती हळूहळू सुरू झाली. भूगोल बरा गेला. हिंदीत एक कविता अर्धीच आठवली. गणितात मसावि-लसाविपर्यंत सगळं लिहिलं, त्यात दोन उदाहरणं चुकली असतील. त्याच्या पुढचं येत नव्हतं का, असं मी विचारलं.

"येत होतं थोडंथोडं. वर्गात शिकवलंय की." मग म्हणाली, "पण मसाविपर्यंत आईनं शिकवलं होतं. दवाखान्यात, खाटेवर बसून. पुढचा धडा घरी आल्यावर घेऊ म्हणालेली. मी पुढचं लिहिलं असतं तर... मला आईशिवाय पुढं जायचं नव्हतं, पप्पा. म्हणून नुसती बसून राहिले."

मी उठून आत गेलो आणि पाणी प्यायलो. दुसरं काय करणार? परत आलो तेव्हा ती तिथंच बसली होती, आणि चेहरा मात्र बऱ्याच दिवसांनी मोकळा दिसत होता. त्या दिवशी आम्ही कितीतरी वेळ बोललो. तू तिला सांगितल्यापासून ती तुला काय काय विचारत होती, हे मला तेव्हा कळलं. तुला दुखतंय का, कुठं दुखतंय. माझे केस कोण विंचरणार. पाळी आली तर कुणाला सांगू. तू म्हणे सांगितलंस, वारणानगरच्या मामीला फोन कर, आणि पप्पांना पण सांग, ते घाबरतील, पण पळत जाऊन लागेल ते आणतील. आणि पप्पा दुसरं लग्न करतील का, असंही तिनं तुला विचारलं होतं. "ते त्यांनाच विचार," असं म्हणून तू मोकळी झालीस.

विचारलं तिनं. अगदी सरळ विचारलं. मी म्हणालो, आत्ता मला एवढी दाबेली तव्यावर गरम करून देशील का? ती हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

दवाखान्यात मी खोलीच्या दाराबाहेर औषधांच्या पिशव्या आणि बिलं घेऊन उभा असायचो तेव्हा आत तुम्ही दोघींनी एवढं बोलून घेतलंत. ती तुला सगळं विचारू शकली, कारण तू तिला सांगितलं होतंस. या एका बाबतीत तुझं बरोबर होतं. चौथीतल्या सहा मार्कांचं मी अजून मानलेलं नाही, ते वेगळं.

सोमवारी आम्ही दोघं शाळेत गेलो. मी वाटेत शरूला म्हणालो, तू बाहेर थांब, मी बोलतो. ती म्हणाली, "मार्क माझे आहेत, मी पण येतो." आपल्या कोल्हापूरच्या पोरी अशा वेळी 'येते' म्हणत नाहीत, तसंच म्हणाली.

माने मॅडम आम्हाला बघून घाबरल्याच. त्यांना वाटलं, तक्रार आहे. मी म्हणालो, मॅडम, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पण हिला तिचा पेपर बघायचाय, आणि जेवढे पडलेत तेवढेच मार्क हवेत.  मॅडम म्हणाल्या, "सर, त्या कोऱ्या पानांवर शून्य लिहायला माझा हात उचलेना. मला दिसत होती ती त्या दिवशी. पेन खाली ठेवून खिडकीतून बाहेर बघत होती." आणि त्यांचे डोळे भरले. सांग, आता या बाईला काय म्हणायचं? मनातल्या मनात मी तुझ्याशी तेव्हाच भांडायला लागलो होतो. बघ, म्हणालो, ही पण मायाच आहे, हिलाही काही किंमत आहे की नाही?

शरू तेवढ्यात म्हणाली, "मॅडम, मी पुढच्या वेळी लिहीन सगळं. पण आत्ता जेवढे आहेत तेवढेच द्या."

पेपर काढला. खरे मार्क तेरा होते. तेरा, रूपा. आपल्या घरात आजवर कुणी गणितात नापास झालं नव्हतं. मॅडमनी अठ्ठावीसवर रेघ मारली, वर तेरा लिहिलं, शेजारी सही केली. मग तिला जवळ उभी करून पेपर दाखवायला लागल्या. एका उदाहरणापाशी त्यांचं बोट थांबलं आणि आवाज एकदम बदलला. "आणि हे काय? उत्तर बरोबर आलंय आणि मधल्या पायऱ्या कुठं आहेत? किती वेळा सांगितलंय शर्वरी तुला? पायऱ्या लिहायला काय होतं?"

शरू खाली मान घालून उभी होती. "चुकलं, मॅडम," म्हणाली. पण तिचे कान लाल झाले होते आणि ओठ दाबून धरले होते, आणि मी तिचा बाप आहे, मला कळत होतं की ती हसू आवरतेय. मग आणखी दोन चुका निघाल्या, आणखी दोन बोलणी बसली. ती वर्गात गेली तेव्हा जवळजवळ पळतच गेली.

आता गणिताचं असं चाललंय. शाळा सुटली की ती दुकानात येते. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. काउंटरच्या मागं आम्ही दोघं बसतो, आणि मला काही येत नसल्यामुळं तीच मला शिकवते. परिमेय संख्या म्हणजे काय, हे मला या वयात कळलं. तुझा शिकवायचा ढंग वेगळा होता, आमचा वेगळा आहे. बरीच खाडाखोड होते.

हे सगळं सांगून झाल्यावर थांबणार होतो. पण परवाच्या रविवारचं राहिलं.

सावनीकडं जातो म्हणून शरू दुपारी सायकलवरून गेली. संध्याकाळ झाली, दिवे लागले, हिचा पत्ता नाही. सावनीच्या आईला फोन लावला, उचलला नाही. मी गाडी काढून त्यांच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप.  ज्या रस्त्यावरून आलो त्याच रस्त्यावरून प्रत्येक सायकल बघत परत आलो. घरापाशी पोचतोय तोवर ही समोरून आली, केस विस्कटलेले, हातात कणसाचं बूड. सगळे मिळून रंकाळ्यावर गेले होते म्हणे, वेळेचं भान राहिलं नाही.

मी ओरडलो. आपल्या गावाला शोभेल एवढ्या आवाजात ओरडलो. शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. सांगून जाता येत नाही का, फोन कुणाकडनं तरी करता येत नाही का, इथं जीव टांगणीला लागलाय त्याचं काही आहे का. शरू रडायला लागली. आणि रडता रडता म्हणाली, "आई अशी ओरडली नसती."

"आई नाहीये आता," मी म्हणालो.

रूपा, तू गेल्यापासून या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. आई देवाघरी गेली, आई वरून बघतेय, आई आपल्यातच आहे, हे सगळं म्हणून झालं होतं. मीच जास्त म्हटलं होतं. हे असं सरळ कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या तोंडातून गेलं खरं. मला वाटलं, आता ही आत जाऊन दार लावून घेईल.

ती तिथंच उभी राहिली. मग म्हणाली, "माहितीय." फ्रॉकच्या बाहीनं नाक पुसलं. आत जाऊन पाणी प्यायली, माझ्यासाठीही तांब्या भरून आणला आणि समोरच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली.

"मग तुम्हीच सांगा," म्हणाली, "किती वाजेपर्यंत बाहेर राहू?"

आम्ही बसून ठरवलं. ती सात म्हणत होती. तू असतीस तर सहा म्हणाली असतीस, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी साडेसहा म्हणालो.